ऐकू कमी येते, तर सांगा

गांधीबाग ही नागपूरची कापडाची मोठी पेठ. तिथला व्यवहार बोलण्यावर चालतो. शेठजी गादीवरून माप सांगतात, नोकर तागा उलगडतो. बाहेर गाड्यांचे भोंगे, हमालांच्या हाका. अशा जागी कान मंद झालेल्या माणसाने काम कसे करावे, ते आपण पाहू.

कान मंद होण्याचे एक कारण कामातच असते. गांधीबागेपासून थोड्या अंतरावर एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १८७७ साली सुरू केली. २००२ साली ती बंद झाली. गिरणीच्या साचेखात्यात धोटे सारखे आपटतात. शेजाऱ्याशी खुणेने बोलावे लागते. अशा गोंगाटात वर्षे काढली की कानाच्या आतल्या केसासारख्या बारीक पेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. कानात तेल घालून हे बहिरेपण जात नाही. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होते. व्हेनिसचे तांबट ठोकाठोकीने बहिरे होतात, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले.

काम सुटले तरी बहिरेपण सुटत नाही. समजा, एखादा जुना विणकर गांधीबागेत दुकानात लागला. त्याला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. बारीक आवाज आधी जातात. 'स', 'श', 'फ' निसटतात. शेठजी म्हणतात, "सदतीस मीटर काप." तो ऐकतो, सत्तावीस. लाजेने पुन्हा विचारत नाही, नुसती मान हलवतो. कापलेले कापड काही जुळत नाही! शेठजींना वाटते, हा लक्ष देत नाही. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणे पुष्कळांना बरे वाटते. आम्हाला ते पटत नाही. आळशी माणसाची नोकरी आधी जाते.

त्यापेक्षा सरळ सांगावे, "शेठजी, मला कमी ऐकू येते. समोरून, सावकाश बोला. ओरडू नका." ओरडल्याने शब्द फाटतो. तोंड दिसले की डोळे कानाला मदत करतात. पंख्याजवळ, दाराशी उभे राहू नये. आकडा उलट म्हणून दाखवावा, "तीन सात, सदतीस ना?" चिठ्ठी तर सर्वांत चांगली. आता तुम्हाला अंक वाचता येतात. मग खिशात पेन्सिल ठेवा आणि ३७ लिहून मागा.

जे आज यंत्रमागावर आहेत, त्यांनी एक खूण ध्यानात ठेवावी. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तो गोंगाट कान खाणारा समजावा. कापसाचा बोळा पुरत नाही. कानात घट्ट बसणारे बूच मालकाकडे मागावे.

गांधीबागेजवळच मेयोचा सरकारी दवाखाना आहे. तिथे कान दाखवावा. कधी नुसता मळही निघतो. यंत्र मिळाले तर पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजही मोठा वाटतो. तेवढ्यासाठी ते डबीत घालून ठेवू नका, रोज थोडा वेळ लावा.