एकविसाव्याला जागा नाही

बदलापूर पूर्वेला खरवईच्या एमआयडीसीत छोट्या कारखान्यांची ऑफिसं बहुधा शेडच्या पोटमाळ्यावर असतात. त्यातल्या काहींचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथे 'सर्व्हर' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो साधा विंडोजचा डेस्कटॉप असतो. टॅलीचा डेटा, चलनं, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, सगळं त्याच्याच शेअर फोल्डरमध्ये. कारखाना वाढतो, माणसं वाढतात, आणि एक दिवस नव्याने आलेल्या मुलाला फोल्डर उघडत नाही. बाकी सगळ्यांचं चालू, फक्त त्याचंच बंद. अशा तक्रारी निस्तरताना जे कळलं, ते इथे मांडतो.

१. 'नेट गेलं' ही तक्रार नव्हे.

इंटरनेट बंद, शेअर फोल्डर बंद, टॅली उघडत नाही, वायफाय लागत नाही, सगळ्याला ऑफिसात एकच शब्द आहे. म्हणून फोनवर मी आधी सांगतो, स्क्रीनवर आलेल्या मजकुराचा फोटो पाठवा. घेता येतील तेवढ्या जोडण्या आधीच झाल्या आहेत, त्यामुळे आता आणखी जोडणी घेता येणार नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल, तर केबल, स्विच, अँटिव्हायरस कशालाही हात लावायचं कारण नाही. यंत्रणा बिघडलेली नाही, भरलेली आहे.

२. आकडा विंडोजने ठरवलेला असतो.

एक्सपी होमला एका वेळी ५ जोडण्या चालत, एक्सपी प्रोफेशनलला १०. विंडोज ७ पासून २०. ही लायसन्सची अट आहे, मशीनच्या ताकदीचा तिच्याशी संबंध नाही. एका ऑफिसात याच दुखण्यावर रॅम दुप्पट करून दिली होती. बिल भरलं गेलं, अडचण तशीच राहिली. टॅलीवरही उगाच आळ येतो. गोल्ड लायसन्सला एकाच लॅनवर माणसांची मर्यादा नाही, त्यामुळे टॅली गोल्ड असूनही दार अडत असेल, तर अडवणारं विंडोज असतं.

३. खुर्च्या मोजू नका, सेशन म्हणजे चालू जोडण्या मोजा.

मालक म्हणतात, 'आमच्याकडे बाराच जण आहेत, वीस कुठून भरले?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. डेटा असलेल्या मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि 'नेट सेशन' हे दोन शब्द टाइप करायचे. कोणतं मशीन, कोणत्या नावाने, किती फाईली उघडून, किती वेळ नुसतं बसून आहे, ही यादी समोर येते. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'खाली 'सेशन्स'मध्येही तेच दिसतं.

या यादीत माणसांपेक्षा यंत्रं जास्त निघतात. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्सचं मशीन. गेटवरचा कॉम्प्युटर. वजनकाट्याचा कॉम्प्युटर. प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेलं जुनं मशीन, ज्याला कोणी हात लावत नाही कारण ते 'चालतंय'. साहेबांचा लॅपटॉप, आणि साहेबांचाच दुसरा लॅपटॉप. शिवाय एखादं मशीन दोनदा दिसतं. त्याचं कारण शोधायला मला वेळ लागला. फोल्डर मॅप केलेला असतो सर्व्हरच्या नावाने, आणि प्रिंटर जोडलेला असतो त्याच सर्व्हरच्या आयपी पत्त्याने. नाव आणि पत्ता एकाच मशीनचे आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, विंडोज मात्र त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजून दोन वेगळ्या जोडण्या करतं. अशा एका ऑफिसात आम्ही सगळीकडे नावानेच मॅप केलं, आणि यादी लगेच आखूड झाली. खर्च शून्य.

लाइट जाते तेव्हाही यादी फसवते. सर्व्हरला यूपीएस असतो, बाकीच्यांना नसतो. ती मशीनं धाडकन बंद पडतात, पण त्यांचं जुनं सेशन सर्व्हरवर काही वेळ रेंगाळतं. पावसाळ्यात हे आमच्याकडे नेहमीचंच आहे. लाइट आल्या आल्या फोन आला, तर मी थोडं थांबायला सांगतो.

४. सेशन तोडण्याआधी जिन्याने खाली जा.

यादीतून कुणालाही बाहेर काढता येतं, आणि म्हणूनच जपायचं. त्या सेशनखाली टॅलीचा डेटा उघडा असेल आणि कोणी व्हाउचर टाकत असेल, तर तोडल्यावर डेटा बिघडू शकतो. उघड्या फाईलींच्या रकान्यात शून्य असेल त्यालाच काढा. नाहीतर सरळ जाऊन विचारा, 'मॅडम, टॅली बंद करता का दोन मिनिटं?'

५. पंधरा मिनिटांचे पाच करा.

नुसतं बसून असलेलं सेशन विंडोज १५ मिनिटांनी आपोआप सोडतं. 'नेट कॉन्फिग सर्व्हर' या कमांडमधल्या ऑटोडिसकनेक्टच्या जागी कमी मिनिटं देता येतात. फाईल उघडी ठेवून घरी गेलेल्यांवर मात्र हा इलाज चालत नाही.

६. रिस्टार्टने आजार लपतो.

सर्व्हर रिस्टार्ट केला की सगळी सेशनं तुटतात, पहिले वीस पुन्हा आत येतात, आणि 'झालं नीट' म्हणून सगळे कामाला लागतात. कारण तसंच राहतं. ते उगवतं ११ तारखेला आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी भरायच्या दिवशी. एरवी बंद असलेली मशीनंही त्या दिवशी चालू असतात. यादी बघायची असेल तर त्याच दिवशी बघा. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी निवांत बघितलेली यादी काही सांगत नाही.

७. राउटरची मर्यादा निराळी.

नव्या फोनला वायफाय लागतं पण इंटरनेट येत नाही, किंवा कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर विंडोजच्या विसाचा इथे संबंध नाही. राउटरकडचे वाटायचे पत्ते संपले असण्याचा संभव मोठा. ड्रायव्हर, पाहुणे, ऑडिटर, सगळ्यांच्या फोनना ऑफिसचा पासवर्ड दिला की हेच होतं. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा.

८. मर्यादा 'काढून देणाऱ्या' फाईली घेऊ नका.

ही सवय जुनी आहे. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस, पसरला होता. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा वर्मना आळा घालायला, एका वेळी बाहेर जाणाऱ्या १० पेक्षा जास्त अर्धवट जोडण्या करता येणार नाहीत, असा बंध घातला. तो चुकवायला टॉरंटवाल्यांनी विंडोजची मूळ फाईल बदलणारे पॅच वाटायला सुरुवात केली. तो बंध आणि शेअर फोल्डरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी, तरी लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत राहिले. अनोळखी माणसाने बदललेली सिस्टिम फाईल ज्या मशीनवर कंपनीचे हिशेब आहेत तिथे टाकणं हा शुद्ध अविचार आहे.

९. गर्दी कायमची असेल तर जागा बदला.

आधी प्रिंटर हलवा. त्याला नेटवर्कचं पोर्ट असेल तर थेट स्विचला जोडून पक्का आयपी द्या. मग नुसतं प्रिंट काढणारे सर्व्हरच्या यादीतून गळतात. तेवढ्याने भागलं नाही, तर विंडोज सर्व्हर घेता येतो, पण प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं वेगळं लायसन्स लागतं, हे कोटेशनमध्ये नीट वाचा. मी छोट्या ऑफिसांना नॅस, म्हणजे थेट नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, सुचवतो, किंवा धडधाकट जुन्या मशीनवर लिनक्स आणि सांबा. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमाराला सुरू केलेलं सांबा हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजच्या मशीनना शेअर फोल्डर पुरवतं आणि त्यात विसाची अट नाही. बॅकअपची जबाबदारी मात्र आपलीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे सध्या सगळीकडे नव्या मशीनची कोटेशनं फिरताहेत. शेअर फोल्डरच्या अडचणीवर इलाज म्हणून 'सर्व्हर'च्या जागी नवा डेस्कटॉप घेणार असाल तर थांबा. विंडोज ११ ची मर्यादाही २० च आहे.