सिकलसेल : वाहक कोण, रुग्ण कोण?

सिकलसेल, म्हणजेच दात्रकोशिका पांडुरोग, हा आनुवंशिक रोग छत्तीसगडात व विदर्भात अनेक कुटुंबांत आढळतो. भिलाईसारख्या पोलादनगरीत या दोन्ही प्रदेशांतील लोक नांदतात. तेथे त्याची ओळख घरोघरी असणे अगत्याचे आहे.

या रोगात प्राणवायू कमी पडताच रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व लवकर नाश पावतात. परिणामी हाडे व सांधे असह्य दुखतात आणि पांडुरोग जडतो. दोषाचे मूळ हीमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले.

आईकडून व वडिलांकडून, असे दोन्ही जनुक सदोष आले, तर मूल रुग्ण होते. एकच सदोष असेल, तर ते वाहक असते व सहसा निरोगी जगते. म्हणूनच केवळ आईला बोल लावणे अन्यायाचे होय.

विद्राव्यता-चाचणीत रक्ताचा थेंब मिसळताच द्रावण गढूळ झाले, तर सदोष हीमोग्लोबिन आहे, एवढेच कळते. व्यक्ती वाहक की रुग्ण, हा उलगडा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युत्‌संचारण, या दुसऱ्या चाचणीने होतो. पहिल्या चाचणीवरून कोणास रोगी ठरवू नये.

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत रोगाचा संभव चारात एक असतो. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन निरोगीच होणार, हा समज खोटा आहे. यास्तव विवाहापूर्वी, पत्रिका पाहतो तितक्याच आस्थेने, रक्तही तपासून घ्यावे.