वाकलेले खडक, तुटलेले खडक आणि बारावीनंतरची एक वाट

खडक कितीही कठीण असला तरी पुरेसा जोर आणि पुरेसा काळ मिळाला की त्याचा आकार बदलतो. जमिनीखाली खोलवर, जिथे उष्णता आणि दाब जास्त असतो, तिथे तो सावकाश वाकतो आणि त्याच्या थरांना घड्या पडतात. पृष्ठभागाजवळ तोच खडक वाकण्याआधी तडकतो. नुसतीच चीर पडली तर तिला संधी म्हणतात. चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकल्या तर तो विभंग. या खुणा मोजून खडकावर जोर कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्रमाने आला हे ठरवणारे शास्त्र म्हणजे संरचनात्मक भूविज्ञान, विद्यार्थ्यांच्या तोंडी स्ट्रक्चरल जिऑलॉजी.

पुण्यात या विषयावर एक आक्षेप हटकून येतो: इथे सगळा काळा कातळ, तोही आडवा पसरलेला, त्यात शिकायचे काय? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर पुण्याभोवती जवळजवळ सपाट आहेत, हे खरे. पण घाट उतरून पनवेलकडे गेले की तेच थर समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला झालेले भूकंपही याच कातळाच्या प्रदेशातले. किल्लारीने सुमारे दहा हजार माणसे नेली. जो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात होता, त्याच्या पोटात विभंग सरकला होता. कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून कातळाखालच्या ग्रॅनाइटचा अभ्यास झाला आहे, आणि त्यासाठीची केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. घड्या मात्र पुण्यात दिसणार नाहीत. त्यासाठी नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजच्या पट्ट्यात जावे लागते. तिथे खनिजाचा थर खडकाबरोबरच दुमडला आहे, त्यामुळे घडी समजली नाही तर खाण कुठे वळवायची हेच कळत नाही.

कामाची ठिकाणे यावरूनच कळतात. लोणावळ्याच्या तलावाखालून गेलेला द्रुतगती मार्गाचा बोगदा असो की शिवाजीनगर ते स्वारगेट भुयारी मेट्रो, खोदकामापूर्वी खडकातल्या चिरा कोणत्या दिशेने कललेल्या आहेत हे कुणीतरी मोजावेच लागते. कातळात पाणी साठते तेही बरेचसे चिरांमध्ये. म्हणून पुण्यात मुख्यालय असलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेलाही हे ज्ञान लागते. धरणे, खाणी आणि तेलशोध यांतही तेच.

वाट लांब नाही, पण ती पदवीपाशी संपत नाही. बारावी विज्ञाननंतर फर्ग्युसन किंवा वाडिया महाविद्यालयात भूविज्ञान घेऊन बीएस्सी, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी, किंवा एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारखी संस्था. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिकांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बीएस्सीवर चांगल्या नोकरीची आशा धरू नये.

खरी अडचण घरात असते. निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला: कॉम्प्युटरला सीट कुठे मिळेल? नाही मिळाली तर मॅनेजमेंट कोट्यातून, कर्ज काढून, कुठल्याही महाविद्यालयात. दिवसभर पडद्यासमोर बसणे ज्याला नकोसे वाटते त्या मुलाला शेजारच्या घरातले पॅकेज ऐकून तिकडे ढकलणे ही जबरदस्ती आहे, आणि तिची किंमत चार वर्षांनी मूल मोजते. ज्या शाखेत हजारो मुले एकाच वेळी शिरतात तिथे सुरक्षितता आहे, हा समज पालकांनी सोडला पाहिजे.

मुलींच्या बाबतीत दडपण दुहेरी असते. मार्क आहेत, आवड आहे, पण रानात हातोडा घेऊन आठवडाभर फिरायला परवानगी नाही. सुदीप्ता सेनगुप्ता याच विषयाच्या. नागपूरच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत यांच्यासह १९८३ साली भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या आणि १९९१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्या मोहिमेला चाळीस वर्षे उलटल्यावरही मुलीला भंडाऱ्याच्या शिबिराला पाठवायचे नाही, असे सांगणाऱ्या पालकांनी दुसरे कारण शोधावे.

हा विषय सर्वांसाठी मात्र नाही. उन्हात चालण्याची तयारी हवी, होकायंत्रावरचा कल पुन:पुन्हा मोजण्याची चिकाटी हवी. सपाट नकाशावरून जमिनीखालचा आकार मनात उभा करता आला पाहिजे, आणि ताणाचे गणित टाळता येत नाही. पाठांतरावर मार्क मिळवणाऱ्याला दुसऱ्या वर्षी जड जाते. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने विभागात जाऊन एवढे तरी विचारावे: क्षेत्रशिबिरे किती होतात, कुठे नेतात, आणि मोजमाप विद्यार्थी स्वतः करतात की शिक्षकांचे आकडे उतरवून घेतात.