मैदानावरचं लेझीम, कडक ऊन आणि व्हेरिएबल एनडी फिल्टर



१५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा स्नेहसंमेलन आलं की आपल्या शाळांत लेझीम होतंच. शूटिंगही होतं. नंतर व्हिडिओ पाहताना काहीतरी खटकतं. मुलं छान नाचली, पण पडद्यावर हात झटके खात पुढे जाताना दिसतात. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो व्हिडिओ दाखवून हात कसा वळवायचा हे शिकवायचं, तर मधली हालचालच हरवलेली असते. यात मोबाईलचा दोष नाही. हा आपल्या जालन्याच्या उन्हाचा प्रताप आहे.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण २५ फोटो. प्रत्येक फोटोसाठी शटर १/५० सेकंद उघडं राहिलं, तर हलणारा हात किंचित पुसट येतो आणि डोळ्याला हालचाल सलग वाटते. म्हणून साधा नियम असा की, सेकंदाला जितके फोटो, त्याच्या दुप्पट शटर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाईटच्या वर्गातही १/५० ला पट्टे दिसत नाहीत, हा आणखी एक फायदा. पण भर उन्हात मोबाईल आपोआप शटर १/४००० पर्यंत नेतो. मग प्रत्येक फोटो गोठलेला येतो. शटर जबरदस्तीने १/५० वर ठेवलं तर सगळं पांढरंफटक. उपाय एकच, कॅमेऱ्याला गॉगल घालायचा. त्या गॉगललाच एनडी फिल्टर म्हणतात. व्हेरिएबल प्रकारात रिंग फिरवून काच कमी-जास्त गडद करता येते.

आता किती गडद हवा? दुकानदार ‘एनडी २ ते ४००’ असा डबा पुढे करतो आणि आकडा मोठा म्हणून आपण भुलतो. त्याआधी दुपटी-निमपटीचं गणित करा, चौथीच्या मुलालाही जमेल. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवलं तर शटर साधारण १/१०० लागतं, हा फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा. लेन्स एफ/४ वर उघडली की प्रकाश १६ पट येतो, म्हणजे शटर १/१६००. आपल्याला हवं १/५०. प्रकाश ३२ पट कमी करायचा, म्हणजे पाच वेळा निम्मा. हेच पाच स्टॉप, हाच एनडी ३२. एफ/५.६ वर चार स्टॉप पुरतात. मोबाईलची लेन्स मात्र एफ/१.८ च्या आसपास कायम उघडी असते. तिथे आयएसओ ५० वर नेलं तरी सहा स्टॉपच्या थोडं वर जावं लागतं. सकाळी किंवा ढग आले की दोन-तीन स्टॉप कमी चालतात, आणि व्हेरिएबलचा खरा उपयोग तिथेच आहे.

डब्यावर कुठे एनडी ८ लिहितात, कुठे ०.९ लिहितात. दोन्ही एकच, तीन स्टॉप. म्हणून दुकानात “किती स्टॉप?” एवढंच विचारा.

या फिल्टरमध्ये दोन पोलराइज्ड काचा एकावर एक असतात. मालुस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलेला नियम इथे लागतो. दोन काचांत ४५ अंशांचा कोन असेल तर पहिल्या काचेतून आलेल्या प्रकाशाचा निम्मा भाग पुढे जातो, ६० अंशांना पाव, ७५ अंशांना जेमतेम पंधरावा. (वर्गात दाखवायचं असेल तर पोलराइज्ड गॉगलमधून कॅल्क्युलेटर पाहत तो हळूहळू फिरवा. आकडे गायब होतात आणि मुलं ओरडतात.) शेवटच्या काही अंशांत रिंग जराशी सरकली तरी उजेड खूप बदलतो. तिथेच चित्रावर काळी फुली उमटते, वाइड लेन्सवर तर लवकरच. त्यामुळे ‘४००’ छापलं असलं तरी शेवटचा भाग बहुधा वापरता येत नाही. माझं मत, कॅमेऱ्यासाठी दोन ते पाच स्टॉपचा आणि दोन्ही टोकांना रिंग अडणारा फिल्टर घ्यावा.

घेताना स्वतःचा कॅमेरा सोबत न्या. दुकानाबाहेर उन्हात पांढरा कागद धरा. सर्वात फिकट आणि सर्वात गडद अशा दोन्ही ठिकाणी कागद पिवळा किंवा हिरवट दिसतो का, ते पाहा. लेन्सच्या कडेला ø पुढे लिहिलेला आकडा हा फिल्टरचा माप. दोन लेन्स असतील तर मोठ्या मापाचा एकच घेऊन लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावा. मोबाईलला चिमट्याचा फिल्टर मिळतो, पण तो एकाच लेन्सवर बसतो. फोनने मध्येच दुसरी लेन्स निवडली तर सगळं फुकट. त्यामुळे प्रो व्हिडिओ मोडमध्ये लेन्स, शटर आणि व्हाइट बॅलन्स पक्के करता येतात का, हे आधी तपासा.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. पोलराइज्ड काच पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी खाते. मोसंबीच्या बागेत परिसर अभ्यासाचा व्हिडिओ काढला तर पानं गर्द हिरवी दिसतात, छान वाटतं. पण उजेड बदलला म्हणून रिंग फिरवली की चकाकीही बदलते, आणि पुढच्या शॉटमधली बाग निराळीच दिसते. मोती तलावाच्या पाण्याचंही तेच. शैक्षणिक व्हिडिओत पानाचा, मातीचा रंग खरा दिसणं गरजेचं असेल, तर ठरावीक गडदपणाचा साधा एनडी बरा. तो स्वस्तही पडतो.

वर्गात फळ्यासमोर शिकवताना याची काहीच गरज नाही. खिशातून पैसे घालणार असाल तर पहिला खर्च कॉलर माईकवर करा. मुलाला चित्र थोडं वाईट चालतं, आवाज नाही. लेझीम सकाळी आठला किंवा लिंबाच्या सावलीत घेता आलं तर फिल्टरवाचूनही बरंच भागतं. मैदानावर भर उन्हातच करायचं असेल, तर हलगी सुरू होण्याआधी रिंग लावून ठेवा आणि मध्ये हात लावू नका.

आणि आपल्याकडची धूळ! दोन रिंगांमधल्या फटीत ती हमखास जाते आणि रिंग करकरते. आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड फिरवा.