देवनागरी अक्षरांतील संकेतस्थळांचे पत्ते

मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाचा पत्ता शिक्षक पालकांस धाडतात, तेव्हा पुष्कळदा चमत्कारिक अनुभव येतो. पडद्यावर स्वच्छ देवनागरीत दिसणारा पत्ता संदेशात टक्क्याची चिन्हे व रोमन अक्षरे यांची लांबलचक माळ होऊन उमटतो. पालक विचारतात, "गुरुजी, हे काय पाठविलेत?" आणि मूल मनाशी समजून चालते की, मराठी ही यंत्रास चालणारी भाषा नव्हे. ही समजूत वर्गातच दूर झाली पाहिजे.

पत्त्याचे दोन भाग असतात. संकेतस्थळाचे नाव हा पहिला. त्यापुढे तिरकी रेघ देऊन येणारा पानाचा ठावठिकाणा हा दुसरा. एक गाव, तर दुसरे घर म्हणावे. दोहोंचे रूपांतर निराळ्या रीतींनी होते.

घराची रीत सोपी आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांचे असते, व प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि पुढे दोन अंक वा अक्षरे असा लिहितात. 'श' म्हणजे %ई०%ए४%बी६. ही अक्षरे अर्थात रोमन समजावी. 'शाळा' या शब्दात आपणांस दोन अक्षरे दिसतात. यंत्र मात्र श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे मोजते. चार गुणिले नऊ, म्हणजे ३६ खुणा झाल्या. हे फळ्यावर मांडून मुलांकडून आपापल्या नावाच्या खुणा मोजवून घ्याव्या. काना-मात्रा स्वतंत्र मोजावयाच्या असल्याने शुद्धलेखनाचाही सराव होतो, हा वरकड लाभ.

गावाच्या नावाची गोष्ट निराळी. १९८३ साली नावांची ही व्यवस्था आखली गेली, तेव्हापासून नावांत २६ रोमन अक्षरे, दहा अंक व संयोगचिन्ह एवढेच घेण्याचा प्रघात पडला. जगभरची यंत्रे एकदम बदलणे शक्य नव्हते. यास्तव २००३ साली असे ठरले की, नाव विचारण्यापूर्वी वापरणाऱ्याच्या संगणकानेच त्याचे रोमन रूप करावे. या रीतीस प्युनीकोड म्हणतात. २०१४ साली नोंदणीस खुले झालेले '.भारत' हे नाव वाटेत 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे रोमन अक्षरांत प्रवास करते. मधल्या यंत्रांस देवनागरीचा गंधही नसतो. सारा भार दोन्ही टोकांच्या प्रणालींवर पडतो. ज्या प्रणालीस हे रूपांतर शिकविलेले नाही, ती असा पत्ता 'अवैध' ठरविते. दोष तिचा, लिपीचा नव्हे.

मराठीची खरी अडचण 'र'ची आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, व 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दुसऱ्या शब्दातील अर्धा र काही जण अदृश्य जोडचिन्ह देऊन टंकतात. २००३ च्या नियमांत हे चिन्ह गाळले जाई, व दऱ्यांचा समुद्र होई! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह ठेवण्यास मुभा दिली. तथापि नुक्त्याचा ऱ टंकूनही हेच रूप साधते. डोळ्यांस दोन्ही सारखी, यंत्रास मात्र दोन वेगळी नावे. शाळेसाठी असे नाव घ्यावयाचे झाल्यास अर्ध्या र-चा शब्द टाळणे बरे.

कित्येकदा प्रणाली सांकेतिक रूप मुद्दाम दाखविते. रशियन लिपीतील एक अक्षर रोमन 'ए'सारखेच दिसते. अशा अक्षरांनी बनावट नाव रचून लोकांस फसविता येते. म्हणून ही सावधगिरी.

पत्ता धाडताना त्याच्या वरच्या ओळीत लेखाचे नाव देवनागरीत लिहावे. पालकांस ती माळ वाचावी लागत नाही, केवळ बोट लावावयाचे असते. मात्र ती कुरूप दिसते म्हणून मधून तोडू नये. एक खूण जरी गळली, तरी ते पान सापडत नाही.