शुक्राणूंची निवड : उचल घेण्याआधी हे समजून घ्या

प्रश्न : आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. बायकोचं वय २८, माझं ३२. आम्ही दरसाल जोडीनं ऊसतोडीला जातो. बायकोची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांची तपासणी सगळं झालं, दोष निघाला नाही. माझी तपासणी एकदाच झाली, त्यात शुक्राणू थोडे कमी सांगितले. शहरातल्या एका केंद्रात टेस्ट ट्यूब बेबी करा म्हणाले. चांगले शुक्राणू निवडायची नवी पद्धत वापरली तर यश नक्की मिळेल, पण त्याचे पैसे वेगळे पडतील, असंही सांगितलं. मुकादमाकडून जादा उचल घेऊन हे करावं का? घरची मंडळी विचारतात, शुक्राणू निवडता येतात तर मुलगाच निवडता येईल का?
— एक वाचक, दिंद्रुड (ता. माजलगाव)

उत्तर : आधी सरळ उत्तर देतो. या नव्या पद्धतीसाठी उचल घेऊ नका. तुमची स्वतःची तपासणी अजून पुरती झालेली नाही, ती आधी करून घ्या. आणि मुलगा निवडण्याचा विचार घरातून कायमचा काढून टाका. आता यामागची कारणं एकेक करून सांगतो, कारण हाच प्रश्न मनात ठेवून गप्प बसलेली जोडपी आपल्या भागात बरीच आहेत.

तुमच्या पत्रात बायकोच्या तीन तपासण्या आहेत आणि तुमची एकच. माझ्याकडे येणाऱ्या फायलींतही बहुतेक वेळा असंच दिसतं. मूल होत नाही म्हटलं की पहिलं बोट बाईकडे जातं. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या शरीरानं आधीच पुष्कळ सोसलं आहे. त्यांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. म्हणून तुम्ही स्वतःच्या रिपोर्टबद्दल स्वतः पत्र लिहिलंत, याचं मला मोल वाटतं.

निवड होते कशी?

शुक्राणूंची निवड ही मुळात निसर्गाचीच रीत. वीर्यातल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी स्त्रीच्या बीजापर्यंत पोचतात ते फार तर काही शेकडा. उरलेले वाटेतच गळतात. प्रयोगशाळेतही ही गाळणी कित्येक वर्षांपासून आहे. बाजरी पेरण्याआधी आपण बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो, अरगट रोगाचे हलके दाणे वर तरंगतात ते फेकून देतो आणि खाली बसलेलं बी धुऊन वाळवून पेरतो. त्याच धर्तीवर वीर्य एका दाट द्रावावर ठेवून यंत्रात फिरवतात. धडके शुक्राणू तळाशी जातात आणि मेलेले, अर्धवट वाढलेले वरच राहतात. दुसऱ्या पद्धतीत नळीत वीर्यावर पोषक द्राव घालून ती तिरकी ठेवतात. पोहता येणारे शुक्राणू तासाभरात वरच्या स्वच्छ द्रावात येतात. या दोन्ही पद्धती नेहमीच्या उपचारातच येतात.

आपल्या राज्यात या उपचाराचा पाया मुंबईत घातला गेला. केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. तेव्हा बीज आणि शुक्राणू बशीत एकत्र ठेवत आणि फलन त्यांचं ते होई, हेच साधं आयव्हीएफ. १९९२ साली बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी पुढची पायरी जाहीर केली, ती म्हणजे इक्सी. यात एकच शुक्राणू निवडून सुईनं थेट बीजात सोडतात.

हे काम एकदा डोळ्यांपुढे आणा. बशीतला शुक्राणू सूक्ष्मदर्शकातून काही शेकडा पट मोठा करून पाहतात. तो सरळ पोहतो का, डोकं अंडाकृती आहे का, शेपूट वळलेलं आहे का, हे बघून तंत्रज्ञ एक शुक्राणू हेरतो. केसाहून बारीक काचेच्या सुईनं त्याचं शेपूट बशीच्या तळाशी दाबतो, तशी त्याची हालचाल थांबते. मग शेपटीकडून त्याला सुईत ओढून घेतो आणि बीजाचं कवच भेदून आत सोडतो. ज्यांचे शुक्राणू फारच कमी आहेत किंवा जवळजवळ हलतच नाहीत, अशा हजारो पुरुषांना या एका हालचालीमुळे बाप होता आलं. इक्सी हा खरा आणि मोठा उपचार आहे, हे आधी लक्षात घ्या.

अडचण निराळीच आहे. शुक्राणूच्या डोक्यात बापाकडचा डीएनए असतो. तो शाबूत आहे की तुटका, हे बाहेरून दिसत नाही. तपासायचा तर शुक्राणूवर रसायनं आणि रंग घालावे लागतात आणि मग तो वापरता येत नाही. सोयाबीनची उगवण बघायला आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ऐंशी उगवले की पोत्याचा अंदाज येतो. पण हातातला एक दाणा उगवेल की नाही, हे त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. नव्या पद्धती हाच अंदाज बाहेरच्या खुणांवरून बांधू पाहतात.

पिक्सी पद्धतीत बशीवर हायलुरोनन नावाच्या पदार्थाचे ठिपके असतात. हा पदार्थ बीजाभोवतीही असतो आणि परिपक्व शुक्राणू त्याला चिकटतात, म्हणून चिकटलेले शुक्राणू उचलतात. इम्सीमध्ये शुक्राणू सहा हजार पटींच्या आसपास मोठा करून डोक्यातले बारीक खळगे बघतात. मॅक्समध्ये मरणपंथाला लागलेल्या शुक्राणूंना चुंबकीय कण चिकटवून ते बाजूला ओढतात. चौथ्या पद्धतीत चिपवरच्या सूक्ष्म पाटांतून शुक्राणूंना पोहायला लावून पुढे पोचणारे घेतात. कल्पना चारही पटण्याजोग्या आहेत. म्हणून तर त्यांची कसून परीक्षा घ्यावी लागली.

संशोधन काय सांगतं?

उपचाराचा खरा कस लागतो तो जोडप्यांचे दोन गट चिठ्ठी काढल्यासारखे पाडून. एका गटाला नवी पद्धत, दुसऱ्याला जुनी. शेवटी मोजायचं एकच, मूल घरी आलं का. गर्भ बशीत छान दिसला किंवा फलन जास्त झालं, हे आकडे मधल्या मुक्कामाचे आहेत.

पिक्सीची अशी मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये १६ केंद्रांत झाली. २,७७२ जोडपी त्यात होती आणि निकाल २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पिक्सी वापरलेल्या गटात २७.४ टक्के जोडप्यांना पूर्ण दिवसांचं मूल झालं, साध्या इक्सीच्या गटात २५.२ टक्के. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, म्हणून पिक्सीनं मुलं जास्त होतात असं संशोधकांना म्हणता आलं नाही. गर्भपात मात्र पिक्सीच्या गटात कमी दिसले, ७ टक्क्यांच्या जागी ४.३ टक्के. त्यामुळे ज्यांचे गर्भ वारंवार पडले आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी या पद्धतीबद्दल जरूर बोलावं. तुमच्या घरी तो प्रश्न नाही. इम्सी, मॅक्स आणि चिप यांच्याबाबतचा पुरावा याहून कच्चा आहे. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ साली या जादा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा यांतली कुठलीही पद्धत सरसकट वापरा असं म्हटलं नाही. 'यश नक्की' हे शब्द या पुराव्यात कुठेच बसत नाहीत. ते कानावर पडले की पैसे देण्याआधी थांबा.

आणखी दोन निकाल तुमच्या कामाचे आहेत. व्हिएतनाममध्ये १,०६४ जोडप्यांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरुषाची शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असेल तर साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीनं मुलं जास्त झाली असं दिसलं नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०२० सालचा. २,३७० पुरुषांपैकी निम्म्यांना झिंक आणि फॉलिक ॲसिड सहा महिने दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. पहिल्या गटात ३४ टक्क्यांना मूल झालं, दुसऱ्यात ३५ टक्क्यांना. ताकदीच्या पावडरी आणि महागड्या गोळ्यांचे डबे घेण्याआधी हे दोन आकडे आठवा.

मुलगा निवडता येईल का?

नाही. वर सांगितलेल्या पद्धती मुलगा-मुलगी बघत नाहीत. आणि कुणी तसा दावा करत असेल तर तो गुन्हा आहे. गर्भधारणेआधी शुक्राणू वेगळे करून लिंग ठरवण्याच्या जाहिराती पूर्वी होत. सेहत आणि पुण्याची मासूम या आपल्या राज्यातल्या संस्था आणि लिंगनिवडीविरुद्ध लढणारे डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा बदलला आणि २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. अशी निवड करून मागणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा बाजूला ठेवूनही घरच्यांना एक आकडा सांगा. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. आज लग्नाच्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून हेच घर, हेच गाव हळहळतं. सहा वर्षं पाळण्याची वाट पाहणाऱ्या घरानं येणाऱ्या जिवाला अट घालू नये.

आता करायचं काय?

एका रिपोर्टवर कुणाचं बापपण ठरत नाही. वीर्य तपासणी दोनदा तरी करावी. तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नको. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा असेल तर तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत धरून न्यावा. दिंद्रुडहून लांबच्या शहरात पिशवीत गार झालेला नमुना नेला तर रिपोर्ट खोटाच खराब येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल आणि ४ टक्के नेटका आकार या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. हो, शंभरात चारच नेटके असले तरी ते चालतं. आकडा याखाली आला म्हणजे मूल होणार नाही असं नाही, आणि वर आला म्हणजे होईलच असंही नाही.

तपासणी म्हणजे केवळ वीर्य नव्हे. डॉक्टरांनी तुम्हाला झोपवून आणि उभं करून तपासायला हवं. अंडकोशाच्या शिरा फुगल्या आहेत का, लहानपणी अंड खाली उतरलं नव्हतं का, गालगुंड होऊन अंड सुजलं होतं का, हे विचारायला हवं. अंडात गाठ लागली किंवा रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले तर घरगुती उपाय करत न बसता तज्ज्ञाकडे जा. व्यायामशाळेत कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर तीही सांगा, कारण त्यांनी शुक्राणू बनणंच थांबतं.

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणजे आज केलेला बदल रिपोर्टमध्ये दिसायला तीन महिने जातात. अंडकोश शरीराबाहेर आहे तो थंडाव्यासाठी, त्याला दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. तंबाखू, गुटखा, बिडी आणि दारू बंद करा. कपाशीवर फवारणी करताना हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा, अंगावरचे कपडे लगेच बदला. फार घट्ट चड्ड्या नकोत. यातलं काहीच महाग नाही.

फड संपवून तुम्ही पाडव्याच्या सुमारास गावी येता आणि दसरा-दिवाळीला पुन्हा निघता. मधले सहा महिने तुमच्या हातात आहेत. आल्या-आल्या तंबाखू सोडा आणि पहिली तपासणी करा. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय इथे दोघं मिळून जा, सगळे जुने कागद सोबत न्या. आषाढात दुसरी तपासणी करा आणि काय बदललं ते बघा. बायको २८ वर्षांची आहे, तेव्हा हे सहा महिने वाया जात नाहीत. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला मात्र मी एवढं थांबायला सांगणार नाही. तिनं सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर लगेच तज्ज्ञाकडे जावं.

त्यानंतरही इक्सीची गरज पडली तर केंद्रात दोघांनी समोर बसून चार गोष्टी विचारा. अशा प्रजनन उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी आहे का? आमच्या वयाच्या, आमच्यासारख्या शंभर जोडप्यांपैकी किती जणांच्या घरी मूल आलं? जादा पद्धत का हवी आणि ती नाही वापरली तर काय फरक पडेल? एकूण खर्च किती आणि पहिला प्रयत्न फसला तर पुढे काय? यशाची शक्यता, धोके आणि खर्च समजावून सांगणं हे त्या कायद्यानं केंद्राचं कर्तव्य आहे. विचारताना संकोच करू नका.

उचल म्हणजे पुढच्या हंगामाची तुमच्या दोघांची कंबर गहाण ठेवणं. ती ठेवायचीच वेळ आली, तर ज्या उपचाराची गरज दोन रिपोर्टांनी दाखवून दिली आहे त्यासाठी ठेवा. दुसरा रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा, आणि या वेळी पत्राखाली दोघांनी सही करा.