गव्हाणीतला भात आणि कोटीपोटातले जीव

लग्नसराई आली की बंगळूरच्या वेशीवरच्या गोठ्यांत एक वेगळीच वैरण दिसू लागते. कल्याण मंडपातून टेम्पोने आलेला उरलेला भात. होसकोट्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका गोठेमालकाने तो संध्याकाळी दुभत्या संकरित गाईपुढे टोपलीभर ओतला. ‘जीवाणूंची पचन-पावडर चालू आहे, काही होत नाही,’ एवढाच त्याचा विचार. दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करेना. शेण पातळ, आंबट वासाचे. डोळे खोल गेलेले. दुपारी ती बसली, ती उठेचना.

डॉक्टरांनी तिच्या पोटात नळी घातली, सोड्याचे पाणी दिले, सलाईन लावली. नंतर त्यांनी मागितली एक निरोगी गाय. तिच्या कोटीपोटातला, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातला, कोमट, हिरवट द्रव काढून त्यांनी आजारी गाईला पाजला. मी तिथेच उभा होतो, आणि घरची म्हातारी सोडून आम्ही सगळे अवाक झालो होतो. पूर्वी चांगल्या गाईच्या तोंडातला रवंथ काढून आजारी जनावराला चारत असत, हे तिला ठाऊक होते.

गाय वाचली. पावडरीचा डबा मात्र भात पचवू शकला नव्हता, आणि ते त्याचे कामही नव्हते.

मोठ्या गाईचे कोटीपोट साधारण शंभर लिटरचे, कधी त्याहून मोठे. त्यातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जीवाणू असतात. शिवाय प्रोटोझोआ आणि बुरशी. काडातला सेल्युलोज गाय स्वतः पचवत नाही. तो हे जीव फोडतात, त्यातून तयार होणारी आम्ले गाईच्या रक्तात जातात आणि तिला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांतूनच मिळतो. काड फोडणाऱ्या जीवाणूंना सामू (pH) सहाच्या वर लागतो. शिजलेला भात म्हणजे झटपट आंबणारा स्टार्च. तो एकदम आला की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस भराभर वाढतो, लॅक्टिक आम्ल साचते, सामू पाचापर्यंत किंवा त्याखालीही घसरतो. काड फोडणारे मरतात, प्रोटोझोआ मरतात, अंगातले पाणी पोटात ओढले जाते. म्हणून डोळे खोल जातात.

मग बाहेरून चांगले जीवाणू घालून पचन कायमचे सुधारता येणार नाही का? अमेरिकेत पॉल वायमर यांच्या गटाने याची जवळजवळ टोकाची चाचणी केली. गाईंच्या जोड्या घेऊन त्यांच्या कोटीपोटातल्या जवळपास सगळ्या ऐवजाची त्यांनी अदलाबदल केली. 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही आठवड्यांत बहुतेक गाईंच्या पोटातले जीवाणू पुन्हा बऱ्याच अंशी त्यांच्या मूळच्या घडीकडे वळले होते. जवळपास सगळे पोट बदलून जे टिकले नाही, ते चमचाभर पावडरीने टिकेल अशी आशा मला तरी वाटत नाही.

टिकल्याचे उदाहरणही आहे, आणि त्यातले झाड महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे: सुबाभूळ. गांधीजींचे शिष्य मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने सत्तरच्या दशकात या चाऱ्याचा मोठा प्रसार केला. सुबाभळीत मिमोसिन असते. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणाऱ्या जनावरांचे केस गळत, थायरॉइड ग्रंथी सुजत. हवाईतल्या शेळ्या मात्र ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली की फरक पोटातल्या जीवांचा असावा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले गेले आणि विषबाधा थांबली. पुढे त्या जीवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले: सिनर्जिस्टेस जोन्सिआय. तो टिकला, कारण त्याचे अन्न रोज येत होते आणि ते खाणारा दुसरा कोणी तिथे नव्हता. सुबाभूळ बराच काळ बंद केली तर तोही ओसरतो.

बंगळूरच्या आडुगोडीत 1995 पासून राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्था आहे. तिथल्या ‘हरित धारा’ या टॅनिनयुक्त वनस्पतींच्या पूरक खाद्याने जनावरांच्या पोटात बनणारे मिथेन 17 ते 20 टक्के घटते, असे संस्थेने जाहीर केले आहे. इथेही वाट खाद्यातूनच आहे. टॅनिनमुळे प्रोटोझोआ कमी होतात, त्यांच्याकडून मिळणारा हायड्रोजन आटतो आणि मिथेन बनवणाऱ्या जीवांचे काम मंदावते.

तेव्हा गोठ्यात आधी खुराकाची शिस्त बघावी. नवे खाद्य दहा-पंधरा दिवसांत थोडे थोडे वाढवत न्यावे. पेंड किंवा बिअरचा चोथा देण्याआधी काडाचे, कडब्याचे लांब तुकडे पोटात जाऊ द्यावेत. नाचणीचे किंवा भाताचे काड निकृष्ट असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, तीन आठवडे हवाबंद ठेवावे आणि चारण्याआधी मोकळ्या हवेत पसरावे. युरिया कोरडा कधीच नको, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना हे काडही नको. वासराला पूर्ण वेगळे कोंडूनही ठेवू नये. प्रोटोझोआ त्याला दुसऱ्या जनावराच्या लाळेतूनच मिळतात.

जिवंत यीस्टचा थोडा उपयोग आहे, विशेषतः खुराक जास्त असताना: ते पोटात शिरलेला प्राणवायू वापरून टाकते आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जीवाणूंना हात देते. पण विकत घेताना जीवाचे नाव, जिवंत पेशींची संख्या आणि तारीख डब्यावर पाहावी. मग उपयोग होतो का हे पाहायला एकाच वेताच्या, सारखे दूध देणाऱ्या चार गाई निवडाव्यात, दोघींना यीस्ट द्यावे, दोघींना नाही. बाकी खाणे तेच. तीन आठवडे प्रत्येकीचे दूध वेगळे मोजावे आणि फॅटही वेगळी काढून घ्यावी. डेअरीतला माणूस कुरकुर करेल, कारण त्याला एकाऐवजी चार नमुने तपासावे लागतील.